बहुवारिक पटले, विद्युत् नियंत्रित आयन-विनिमयी

विद्रावातील आयन (विद्युत् भारित अणू वा रेणू) धरून ठेवण्याची वा सोडून देण्याची ज्यांची क्षमता विद्युत् दाब बदलून नियंत्रित करता येते, अशा बहुवारिकांच्या पातळ थरांना ही संज्ञा देतात.

आयन-विनिमयाचा पद्धतशीर अभ्यास १८५० च्या सुमारास एच. एस. टॉम्पसन व जे. टी. वे या इंग्रज शास्त्रज्ञांनी केला. मातीतून अमोनियम लवणाचा विद्राव झिरपविल्यास अमोनियम मातीत राहते व त्याऐवजी कॅल्शियम बाहेर पडते, असे त्यांना आढळले. १९३५ मध्ये बी. ए. ॲडम्स व ई. एल. होम्स यांनी संश्लेषित रेझिने तयार केली. पाणी मृदू करण्यास अशी रेझिने उपयुक्त ठरली. तथापि आयनांनी भरलेले रेझीन पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी मीठ, अम्ल वा अल्कली वापरावी लागते आणि त्यातून लवणयुक्त सांडपाणी निर्माण होते.

या अडचणीवरील एक मार्ग विद्युत् संवाहक बहुवारिकांमुळे खुला झाला. १९७९ मध्ये ए. एफ. डियाझ, के. के. कानाझावा व जी. पी. गार्डिनी यांनी विद्युत् अग्रावर पॉलिपिरोलाचे चिवट पटल तयार केले. ऑक्सिडीकरण झाले म्हणजे पॉलिपिरोलाच्या शृंखलेवर धन विद्युत् भार येतो व त्याच्या समतोलासाठी विद्रावातील ऋणायन पटलात शिरतात. क्षपण होताच ते बाहेर पडतात. मात्र पटल तयार होतानाच पॉलिस्टायरीन सल्फोनेटासारखा मोठा ऋणायन त्यात अडकविल्यास तो बाहेर पडू शकत नाही. अशा वेळी क्षपणाबरोबर धनायन आत येतात. म्हणजेच एकाच बहुवारिकापासून दोन्ही प्रकारचे विनिमयक मिळतात.

पी. बर्गमायर व आर. डब्ल्यू. मरी यांनी १९८२ मध्ये सोन्याच्या सूक्ष्म जाळीवर पॉलिपिरोलाचा थर देऊन आयनांची वाट विद्युत् दाबाने उघडता व मिटता येते, हे दाखविले. १९८४ मध्ये बी. झिंगर व एल. एल. मिलर यांनी अशा पटलातून ग्लुटामेट इच्छित वेळी मुक्त केले. त्यामुळे औषधांच्या नियंत्रित पुरवठ्याची दिशाही सूचित झाली.

या पटलांच्या पुनरुज्जीवनास रसायनांऐवजी वीज पुरते, हा त्यांचा मुख्य लाभ होय. परंतु पटल पातळ असल्याने त्यात मावणाऱ्या आयनांचे प्रमाण अल्प असते. जाडी वाढविल्यास आयनांची ये-जा मंदावते. शिवाय वारंवार फुगण्या-आकसण्याने पटलास भेगा पडतात आणि अतिरिक्त ऑक्सिडीकरणाने त्याची संवाहकता नष्ट होते. मोठ्या प्रमाणावरील जलशुद्धीकरणात रेझिनांची जागा घेणे या पटलांना अवघड जाते, ते या मर्यादांमुळेच.