परळची प्रयोगशाळा आणि तालुक्याचे मूल

टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या मुळाशी रक्ताचाच एक आजार आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. परदेशातल्या नामांकित डॉक्टरांपर्यंत पोचण्याची ऐपत होती, पण त्या वेळी या आजारावर जगात कुठेच औषध नव्हते. दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. मुंबईत कर्करोगावर उपचार करणारी संस्था काढावी, असे त्यांच्या मनात होते. ते काम विश्वस्तांनी पुढे नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला रुग्णालयाचे दार उघडले.

या रुग्णालयाबद्दल आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार, दारातली गर्दी, पदपथावर झोपलेले नातेवाईक. मला त्याची वाटचाल एका वेगळ्या बाजूने सांगायची आहे: प्रयोगशाळेच्या बाजूने, आणि तीही मुलांच्या आजारांपुरती. त्याला कारण आहे. साधनसंपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. या दरीबद्दल बोलताना आपण लगेच महागड्या औषधांवर येतो. पण २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा होता की जगातल्या ४३ टक्के बालरुग्णांचे निदानच होत नाही आणि दक्षिण आशियात हे प्रमाण जवळपास निम्मे आहे. म्हणजे आपल्याकडची निम्मी मुले औषधाच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत. ताप, अशक्तपणा, कावीळ, टीबी अशा कुठल्या तरी नावाखाली ती जातात.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे पहिले प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. गोमंतकाशी नाते असलेल्या कुटुंबातला हा माणूस भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा म्हणून ओळखला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशीचा संबंध माणसाच्या राहणीशी, सवयींशी, गावाशी लावायचा, ही त्यांची रीत. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली १९५२ मध्ये परळला कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका तिथे घडल्या. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एका छत्राखाली आल्या. कागदावर हे प्रशासकीय बदल वाटतात. पण रुग्ण तपासणारा डॉक्टर आणि त्याची काचपट्टी वाचणारा डॉक्टर एकाच आवारात असणे, ही आपल्या देशातल्या बहुसंख्य रुग्णालयांना आजही न मिळालेली चैन आहे.

मुलांच्या ल्युकेमियावर पहिला आशेचा किरण १९४८ मध्ये दिसला. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता आटोक्यात आणला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढच्या तीन दशकांत पाश्चात्त्य देशांत या आजाराचे चित्र पालटले. आपल्याकडे मात्र सत्तरच्या दशकाअखेरही ‘ब्लड कॅन्सर’ म्हटले की आईबाप मुलाला घेऊन घरी परतत.

परळला हे बदलले ते १९८४च्या सुमारास. डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये इथे देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले होते. लहानपणी पोलिओ झालेले, चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात फिरणारे हे डॉक्टर आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले इयन मॅग्रथ यांनी मिळून एक उपचारपद्धती आखली. मॅग्रथ त्याआधी युगांडात, कंपालाच्या केंद्रात, मुलांच्या लिम्फोमावर काम करून आलेले होते. अपुऱ्या साधनांत काय जमते आणि काय जमत नाही, हे त्यांना तिथेच कळले होते. एमसीपी-८४१ या नावाची ही पद्धत मुंबई, दिल्ली आणि चेन्नई अशा तीन केंद्रांत वापरली गेली. हजाराहून अधिक रुग्णांची नोंद झाली. परळला उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत आजार उलटला नाही. आधीच्या काळाशी ताडून पाहिले तर ही फार मोठी झेप होती.

या कामातून निदानाच्या अंगाने जे हाती आले, ते मला उपचाराइतकेच मोलाचे वाटते. आपल्या रुग्णांत टी-पेशींच्या ल्युकेमियाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा जास्त निघाले. मुले उशिरा येत होती, आजार अंगभर पसरल्यावर येत होती. म्हणजे परदेशी पुस्तकातला ल्युकेमिया आणि आपल्या मुलाचा ल्युकेमिया तंतोतंत एक नव्हता. हे कळण्यासाठी पेशींचा प्रकार ओळखता यायला हवा होता. नुसत्या सूक्ष्मदर्शकातून तो दर वेळी ओळखता येत नाही, कारण बी-पेशींची अपरिपक्व पेशी आणि टी-पेशींची अपरिपक्व पेशी डोळ्यांना सारखीच दिसतात.

तिथे फ्लो सायटोमेट्री कामी येते. पेशींना चकाकणारी प्रतिपिंडे चिकटवायची, त्यांना एकामागून एक लेझरसमोरून न्यायचे आणि कोणत्या पेशीवर कोणती खूण आहे ते यंत्राने मोजायचे. यंत्र महाग, प्रतिपिंडे त्याहून त्रासदायक, कारण ती सारखी विकत घ्यावी लागतात. देशभरातल्या प्रयोगशाळा आपापल्या समजुतीने वेगवेगळी प्रतिपिंडे वापरत. एकीचा अहवाल दुसरीला लागू पडेलच असे नाही. २००८ मध्ये परळच्या रक्तविकृतिशास्त्र विभागाच्या पुढाकाराने देशातले तज्ज्ञ एकत्र बसले आणि निदानासाठी कमीत कमी कोणत्या खुणा तपासायच्या, यावर मार्गदर्शक सूचना तयार झाल्या. वर्तमानपत्रांनी याची बातमी केली नाही. पण ज्या प्रयोगशाळेकडे पैसे बेताचे आहेत, तिला ‘एवढे केले तरी निदान बरोबर होईल’ असे जाणत्याने सांगणे, ही खरी मदत असते.

पुढचा टप्पा आला तो उपचार सुरू झाल्यानंतर उरलेल्या आजाराच्या तपासणीचा. पहिल्या काही आठवड्यांनंतर मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते, तरीही तिच्यात दहा हजार पेशींमागे एखादी कर्करोगाची पेशी लपलेली असू शकते. दहा हजारांच्या जत्रेत एकच चेहरा हुडकावा, तशी ही तपासणी. त्यावरून कोणत्या मुलाला जास्त कडक औषधे हवीत आणि कोणाला कमी पुरतील ते ठरते. संस्थेच्याच खारघरच्या केंद्रातल्या प्रयोगशाळेने ही तपासणी नित्याच्या कामात बसवली. आज देशातली काही मोठी केंद्रे एकत्र येऊन मुलांच्या ल्युकेमियावर जो सामायिक अभ्यास करत आहेत, त्यात उपचाराची तीव्रता पेशीचा प्रकार, जनुकीय दोष आणि हा उरलेला आजार यांवर ठरते. कमी औषधात भागणाऱ्या मुलाला जास्त औषध न देणे म्हणजे त्याला जंतुसंसर्गाने मरण्यापासून वाचवणे. आपल्याकडे ही गोष्ट अगदी शब्दशः खरी आहे.

आता परळ सोडून बार्शीला यायला हवे. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईची नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्येच सुरू केली होती, पण तिथे रुग्णालयांतून आकडे गोळा करता येत. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत रुग्णालयांतून आकडे मिळणार कुठून? लोक रुग्णालयातच जात नव्हते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंच, शिक्षक, आरोग्यसेवक यांना भेटले, लक्षणे समजावली, संशय आला त्या माणसाला तपासणीसाठी बार्शीला आणले. आधी निदान घडवायचे आणि मग नोंद करायची. हे काम मुख्यतः प्रौढांच्या कर्करोगांचे होते. तरीही मुलांच्या बाबतीत नेमके काय करायला हवे, याचा याहून चांगला धडा मला महाराष्ट्रात दुसरा दिसत नाही.

२०१२ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड स्थापन झाली. परळच्या समन्वयाने चालणाऱ्या या जाळ्यात आज तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. प्रयोगशाळांच्या गुणवत्तेची बाहेरून पडताळणी, गुंतागुंतीच्या रुग्णांवर दूरस्थ चर्चा, सर्वांसाठी समान उपचारसूत्रे ही तिची कामे. वाराणसी, संगरूर, गुवाहाटी, विशाखापट्टणम, मुझफ्फरपूर, न्यू चंदीगड इथे संस्थेच्या शाखा उभ्या राहिल्या. बिहारच्या मुलाला निदानासाठी दादर स्टेशनवर उतरावे लागू नये, यासाठी हे आवश्यकच होते. आणि तरीही त्या मुलाला यावेच लागले, तर त्याच्या राहण्याची सोय दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेने, परळच्या नाना पालकर स्मृती समितीने, २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने केली. संस्थेच्या इतिहासात या तिघांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे. अहवाल हातात पडला तरी मुक्कामाला जागा नसेल, तर आईबाप उपचार अर्धवट सोडून जातात. तसे होऊ नये यासाठी परळच्या बालविभागाने २०१० च्या सुमारास ‘इम्पॅक्ट’ या नावाने स्वतंत्र आधारव्यवस्था उभी केली.

एवढे सगळे झाल्यावरही एक अंतर उरतेच. ते तालुक्याच्या दवाखान्यापासून सुरू होते.

मूल आठ-दहा दिवस तापलेले असते. फिकट दिसते, पाय दुखतात म्हणून रात्री रडते, अंगावर काळेनिळे डाग येतात. डॉक्टरांना आधी डेंगी, मलेरिया, टायफॉइड, संधिवात आठवतात आणि त्यात काही गैर नाही, कारण हेच आजार जास्त असतात. अडचण होते ती इथून पुढे. सांधे दुखतात म्हणून किंवा प्लेटलेट कमी आहेत म्हणून स्टेरॉइड सुरू होते. ताप उतरतो, मूल जेवू लागते, घरात आनंद होतो. पण स्टेरॉइड हे ल्युकेमियावरच्या उपचारातलेही पहिल्या फळीतले औषध आहे. ते एकटे दिले की कर्करोगाच्या पेशी काही काळ मागे हटतात, रक्ताची काचपट्टी जवळपास स्वच्छ दिसते, मज्जेची तपासणीही फसू शकते. काही आठवड्यांनी आजार परत येतो, तो जास्त चिवट होऊन. मग परळला आणलेल्या मुलाच्या निदानातच नव्हे, तर उपचाराच्या आखणीतही घोळ होतो.

यावरचा उपाय फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्राइतका महाग नाही. बोटाच्या टोकातून किंवा शिरेतून घेतलेला रक्ताचा थेंब, काचपट्टी, लीशमनचे रंगद्रव्य, साधा सूक्ष्मदर्शक आणि पाहण्याची सवय असलेला डोळा. यंत्रातून निघालेल्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, छापील कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा येतो. त्या पेशी कशा आहेत हे यंत्र खात्रीने सांगत नाही, ते माणसाने पाहावे लागते. गाठीच्या बाबतीतही तसेच. काढलेली गाठ मिठाच्या पाण्यात ठेवली, किंवा अरुंद तोंडाच्या बाटलीत थोड्याशा फॉर्मॅलिनमध्ये कोंबली, तर आतला भाग कुजतो आणि परळच्या उत्तमोत्तम तज्ज्ञालाही त्यातून काही वाचता येत नाही. गाठीच्या किमान दहापट, दहा टक्क्यांचे फॉर्मॅलिन आणि रुंद तोंडाची बरणी, एवढेच लागते. अस्थिमज्जेचा नमुना योग्य नळीत, एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. हे सगळे तंत्रज्ञाच्या हातात आहे, आणि आपल्या जिल्हा रुग्णालयांत त्या तंत्रज्ञाची जागा रिकामी असली तर आपण त्याला संकट मानत नाही. मी मानतो. यंत्रखरेदीच्या बातमीपेक्षा ती जागा भरल्याची बातमी मला मोठी वाटेल.

सरकारी विमा योजनांनी उपचाराचा भार बराच हलका केला, हे खरे. पण योजनेची मंजुरी मिळायला आधी आजाराचा पुरावा, म्हणजे तपासणीचा अहवाल लागतो. त्या अहवालापर्यंतचे पैसे, प्रवास, बुडालेली मजुरी बहुधा घरच्यांच्याच माथी पडते. ज्या टप्प्यावर कुटुंब सर्वांत गोंधळलेले असते, तिथेच हात आखडलेला आहे. निदानाचा खर्च योजनेने आधी उचलावा, ही मागणी लावून धरायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मुलांच्या कर्करोगासाठी जागतिक उपक्रम जाहीर केला. २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत, हे त्याचे उद्दिष्ट. त्यात ज्या सहा कर्करोगांवर भर आहे, त्यांत लसिकापेशींचा ल्युकेमिया आहे आणि डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमाही आहे. हा दुसरा आजार कित्येकदा आईलाच आधी दिसतो: बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक.

म्हणून दोन विनंत्या. तालुक्यातल्या आणि गावातल्या डॉक्टरांना: मूल फिकट आहे, ताप जात नाही, डाग किंवा गाठी आहेत, तर स्टेरॉइडची पहिली गोळी देण्याआधी रक्ताची काचपट्टी जाणत्या डोळ्याकडून बघून घ्या; शंका असेल तर मूल मोठ्या केंद्राकडे लगेच पाठवा, कारण रक्तकर्करोगाच्या एका प्रकारात रक्तस्रावाने काही तासांत जीव जाऊ शकतो. आणि आईवडिलांना: दोन आठवडे ताप उतरत नसेल, मूल पांढरे पडत असेल, कारण नसताना काळेनिळे होत असेल, बाळाच्या डोळ्यात पांढरे चमकत असेल, तर तपासणी मागून घ्या. कर्करोग निघाला तरी घाबरून घरी परतू नका. मुलांचे बहुतेक कर्करोग वेळेत ओळखले तर बरे होतात.