जुन्या नौकेची पारख

मराठवाड्यात काम केलेले जनावर विकत घेण्याची एक स्वतंत्र विद्या आहे. ती ज्या बाजारांत पिढ्यानपिढ्या जोपासली गेली, त्यांत लातूर जिल्ह्यातील हाळी-हंडरगुळीचा गुरांचा बाजार आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही नावे अग्रक्रमाने घ्यावी लागतात. देवणी किंवा लाल कंधारी बैल पाहणारा शेतकरी आधी जबडा उघडून दात मोजतो, म्हणजे जनावर आदत आहे (दुधाचे दात अजून पडलेले नाहीत), दोन दाती आहे की पुरते जुळले आहे हे ठरवतो. मग खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो, जमल्यास औताला जुंपून पाहतो, आणि झूल, रंगवलेली शिंगे व घुंगुरमाळा यांकडे सर्वांत शेवटी वळतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या प्रदेशातील वाचकाला जुन्या शिडाच्या नौकेचा व्यवहार वरवर परका वाटेल. परंतु त्या व्यवहाराचा इतिहास पाहिला, तर तेथेही प्रश्न हाच असल्याचे दिसते की नौकेचे दात कोठे असतात आणि ते मोजायचे कसे.

यॉट म्हणजे मालवाहतुकीसाठी किंवा मासेमारीसाठी नव्हे, तर प्रवासासाठी अथवा शर्यतीसाठी बांधलेली नौका. तिच्यातील जो प्रकार दोन-चार माणसांना आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहता यावे म्हणून बांधला जातो आणि ज्याची लांबी साधारणपणे 30 ते 45 फूट असते, तो म्हणजे मध्यम आकाराची प्रवासी यॉट होय. यॉट चालवण्याचा छंद इंग्रजांबरोबर मुंबईत आला आणि 1846 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबभोवती वाढला. मात्र मुंबईचे नाव जगात झाले ते या क्लबामुळे नव्हे, तर तेथील गोदीत सागवानावर काम करणाऱ्या कारागिरांमुळे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशेच्या आसपास वर्षे जहाजबांधणीचे काम चालवले. 1817 मध्ये याच गोदीतून पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. किनवट-माहूरच्या जंगलाशी परिचित असलेल्या नांदेडकराला सागाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. समुद्राच्या बाबतीत एवढेच ध्यानात घ्यावयाचे, की सागातील तेलामुळे त्याला कीड सहसा लागत नाही आणि ओकच्या लाकडात लोखंडी खिळा जितक्या लवकर गंजतो तितक्या लवकर तो सागात गंजत नाही.

जुनी नौका निवडण्याच्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतच बांधले गेले. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुलाब्यातील कार्यशाळेत सागवानाची 32 फुटी ‘सुहैली’ बांधून घेतली आणि ती डिसेंबर 1964 मध्ये पाण्यात उतरली. दोन्ही टोकांना निमुळती, रुंद आणि जड अशी तिची घडण नॉर्वेच्या जुन्या बचाव-नौकांच्या वळणावर गेलेली होती. 1965 च्या अखेरीस ती मुंबईहून निघाली आणि 1967 मध्ये इंग्लंडला पोहोचली. जगाची एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा घालण्याचा विचार मनात आला, तेव्हा मालकाला खरे तर हवी होती ती याहून मोठी, पोलादी, नवी नौका. परंतु पैसा उभा राहिला नाही आणि हाताशी असलेल्या वापरलेल्या ‘सुहैली’वरच भिस्त ठेवावी लागली. या निर्णयामागे नाइलाज होता हे खरे असले, तरी हजारो सागरी मैलांच्या प्रवासात कोणती फळी कशी वागते याचा अनुभव मालकाच्या गाठीशी होता, आणि जुन्या नौकेच्या बाबतीत अशा अनुभवाइतके मोलाचे दुसरे काहीही नाही.

14 जून 1968 रोजी फाल्मथ बंदरातून निघाल्यावर काही आठवड्यांतच या नौकेचे दात दिसले. नौकेच्या तळाशी नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा जो मुख्य कणा असतो, त्याला लागून बसवलेल्या पहिल्या फळीची सांध दोन्ही बाजूंनी उघडू लागली आणि पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली बुडी मारून, एका दमात जेवढे होईल तेवढे करीत, कापसाचा पिळा कॅनव्हासच्या पट्टीला शिवून ती पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी त्या सांधीवर बसवली आणि वरून तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे दक्षिण महासागरात नौका आडवी झाली तेव्हा केबिन आपल्या जागेवरून किंचित सरकली, पिण्याचे पाणी खराब झाले, वाऱ्याच्या जोरावर आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. तरीही 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी ते एकटेच ती पूर्ण करून परत आले. म्हणून लाकडी नौका पाहणारा जाणकार आजही रंगरंगोटी सोडून प्रथम कण्यालगतच्या त्या फळीपाशी, ओणवे होऊन, टोकदार हत्यार टोचून पाहतो. टोक सहज आत गेले तर लाकूड कुजलेले आहे असे समजतो.

त्यानंतर लाकडाची जागा फायबरग्लासने, म्हणजे काचेच्या धाग्यांवर राळ ओतून घट्ट केलेल्या कवचाने, घेतली आणि पारखही बदलली. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर दलाने जगप्रदक्षिणेसाठी जी ‘तृष्णा’ निवडली, ती इंग्लंडमध्ये विकत घेतलेली, 37 फुटांची, फायबरग्लासची जुनी नौका होती. 28 सप्टेंबर 1985 रोजी निघून 10 जानेवारी 1987 रोजी ती मुंबईस परतली, आणि जगप्रदक्षिणा पूर्ण करणारी ती पहिली भारतीय शिडाची नौका ठरली. अशा कवचाची परीक्षा बाजारातल्या माठासारखी कानाने होते: लहान हातोडीने तळ ठोकत जायचे, खणखणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत, दबका आला तर आत पाणी शिरून थर सुटले आहेत. याखेरीज कण्याचे वजन धरून ठेवणारे बोल्ट, डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा आणि सुकाणूचा सैलपणा यांकडे पाहावे लागते. तारांचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे धरले जाते आणि त्या बदलण्याचा खर्च खरेदीच्या किमतीत न धरणारा ग्राहक हमखास फसतो.

नौदलाने पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने ‘सागर परिक्रमा’ हाती घेतली, तेव्हा मात्र नवी नौका बांधण्याचा मार्ग पत्करला. गोव्यात दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत तयार झालेली 56 फुटी ‘म्हादेई’ घेऊन दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली. त्याच, आता वापरलेल्या झालेल्या, नौकेवर अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये कोठेही न थांबता ती पूर्ण केली. मराठी माणसांचाही वाटा असलेल्या या कामाची दखल मराठीत पुरेशी घेतली गेलेली नाही. ‘म्हादेई’ने एक लाखाहून अधिक सागरी मैल कापले (एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर).

‘सुहैली’ची पुढील हकिगत मात्र पारखीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तिला ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात मानाने ठेवण्यात आले. पण तेथील नियंत्रित, कोरड्या हवेत मुंबईच्या सागाच्या फळ्या आकसू लागल्या, आणि 2002 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले. पुढे अनेक वर्षे चाललेल्या दुरुस्तीत जुने लोखंडी खिळे व बोल्ट बदलले गेले आणि नौका पुन्हा पाण्यात सोडण्यात आली.