आजोबांची गंजकी बंदूक : आधी वाचा, मग घासा

घरात माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली जुनी बंदूक सापडली की दोन गोष्टी हमखास होतात. पोरं पॉलिश पेपर घेऊन ती घासायला बसतात आणि घरातलं कुणीतरी म्हातारं माणूस सांगतं, "ही कोरेगावच्या लढाईतली." पहिल्या गोष्टीने पुरावा नष्ट होतो. दुसरीला पुरावाच नसतो. मित्रांनो, आपण दुसऱ्यांच्या पोथ्या-बखरींना रोखठोक पुरावा मागतो. मग तो आपल्या घरातल्या लोखंडालाही मागायला हवा.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेल्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पलटणीकडे चकमकीच्या बंदुका होत्या. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, तिची ठिणगी कानातल्या रंजकीवर, आणि मग बार. तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून उडणारी बंदूक इंग्रजांच्या फौजेत रुळली ती १८४० च्या आसपास. तुमच्या बंदुकीला टोपी बसवायचं बोंड असेल तर ती आहे त्या रूपात कोरेगावची नाही. जुन्या चकमकी बंदुका पुढे टोपीच्या केल्या गेल्या हे खरं, पण तशी अदलाबदल झाल्याच्या खुणा कुलपाच्या पट्टीवर राहतात. दुसरं म्हणजे शिपायाची बंदूक सरकारी मालमत्ता असे. पेन्शनीत निघालेला शिपाई ती खांद्यावर टाकून गावी येत नसे. घरात आलेली बंदूक पुढे लिलावातून, परवान्यावर किंवा गावच्या लोहाराच्या हातूनही आलेली असू शकते. यात कमीपणा काहीच नाही. कोरेगावच्या स्तंभावर नावापुढे 'नाक' लावलेली आपली माणसं दगडात कोरलेली आहेत. त्यांना माळ्यावरच्या बंदुकीच्या साक्षीची गरज नाही.

आता नळीत डोकवा. घरात सगळे तिला 'रायफल' म्हणतात, पण रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात ती. १८५३ च्या एन्फिल्डला अशा तीन खाचा होत्या आणि तिचं तोंड ०.५७७ इंचाचं होतं. १८५७ नंतर सरकारने काय केलं? देशी पलटणींना द्यायच्या एन्फिल्डच्या खाचा कातून काढल्या, नळी गुळगुळीत केली आणि तोंड ०.६५६ इंचांपर्यंत रुंद केलं. लांबचा नेम धरायची वरखाली होणारी माशी काढून तिथे साधी बसवली. गोऱ्या शिपायाच्या हातात रायफल आणि काळ्याच्या हातात तशीच दिसणारी, पण लांबवर नेम न लागणारी बंदूक! पहिल्या खेपेला कातलेल्या नळ्या इतक्या पातळ झाल्या की पुढच्या वर्षीच्या नमुन्यात जाड नळी करावी लागली. पुढेही गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा देशी पलटणींना त्यांची उतरलेली स्नायडर मिळाली. तुमची बंदूक बाहेरून एन्फिल्ड आणि आतून गुळगुळीत निघाली, तर सरकारचा हा अविश्वास तुमच्या हातात आहे. आत एमरी फिरवलीत की तो पुसला जाईल.

आणि आपल्याबाबत तर बंदूक कमअस्सल करून भागलं नाही, हातच काढून घेतले. 'लढाऊ जाती'चं थोतांड उभं राहिलं आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपुढे मांडली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही, याचं उत्तर देताना बाबासाहेबांनी १९३६ मध्ये बोट ठेवलं ते यावरच: चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र धरू दिलं नाही. हे लिहिणारा माणूस महूच्या छावणीत सुभेदाराच्या घरी जन्मला होता.

आता घासण्याविषयी. सर्वांत आधी नळी भरलेली आहे का ते पाहा. ठासणीच्या बंदुकीत जुना बार वर्षानुवर्षं पडून राहतो. नळीचं तोंड स्वतःकडे वा कुणाकडे न धरता लाकडी काठी थांबेपर्यंत आत सारा, तोंडाशी खूण करा आणि ती काठी बाहेरून नळीला लावून बघा. टोक बोंडाच्या बरंच अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे. तिथेच हात थांबवा आणि परवानाधारक कारागिराला दाखवा. नळी रिकामी असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा. मग तेल लावून काही दिवस मुरू द्या आणि अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने लाल गंज तेवढा उचला. खालचा काळा थर राहू द्या, तो लोखंडाला सांभाळतो. ग्राइंडर, ॲसिड आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. कुलपाच्या पट्टीवर मुकुट, साल किंवा कंपनीचा दोन पायांवर उभा सिंह कोरलेला असू शकतो. ती कोरणी केसाएवढी उथळ असते, आणि एका दुपारच्या उत्साहात कायमची जाते. अडकलेले स्क्रू पिरगाळू नका. दस्त्याला वार्निश नको, जवसाचं तेल पुरे.

बंदूक उडती करायची हौस मात्र कुणी करू नये. शस्त्र कायदा, १९५९ चं कलम ४५ जुन्या नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट देतं, पण दुरुस्त करून किंवा न करता, कशीही ती उडू शकत नसेल तरच. म्हणजे दुरुस्तीने उडेल अशी नळी गंजलेली असली तरी सूट नाही, परवाना लागतो. दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. दसऱ्याला वाड्यातल्या तलवारी पूजल्या जातात तेव्हा कुणी विचारत नाही. आपल्या वस्तीत गंजकी नळी सापडली तर पंचनामा कसा लिहिला जाईल, हे मी सांगायला नको. म्हणून स्वतःहून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. आणि त्याच माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पेन्शनचा कागद, डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा बिल्ला आहे का ते शोधा. पलटणीचं नाव आणि शिपाई नंबर बंदुकीवर नव्हे, तिथे सापडेल.