येळकोटातला सात

वाघ्याचा पाग्या केला, तरी त्याचा येळकोट राहीना. खंडोबाच्या सेवकाला घोडदळात घेतलं, पण तोंडातली आरोळी काही सुटली नाही. आरोळीचा अर्थ मात्र सुटला. जेजुरीच्या पायऱ्यांवर विचाराल तर कुणी सांगतं, येळ म्हणजे वेळ. कुणी वरच्या तटबंदीकडे बोट दाखवून म्हणतं, कोट म्हणजे गडकोट.

होळकरांनी देवळाला दिलेलं रूप, चंपाषष्ठी, सोमवतीची पालखी हे सगळं सर्वांना ठाऊक आहे. मला धागा सापडला तो कर्नाटकात, हुविनहडगलीजवळच्या मैलारला. तिथे माघातल्या जत्रेत गोरवय्या उंच धनुष्यावर चढतो आणि एका वाक्यात वर्षाचं भाकीत सांगतो. काळी घोंगडी पांघरलेले हे गोरवय्या म्हणजे आपल्या वाघ्यांचे सख्खे भाऊच. त्यांची आरोळी आहे ‘एळु कोटि’. कानडीत एळु म्हणजे सात. सात कोटी!

आता ही आरोळी मराठी तोंडात घालून पाहा. एकाचं येक करणारी आपली जीभ एळुचं येळ करणारच. रीति-रीत, जाति-जात, तसंच कोटि-कोट. यातला ळ फार मोलाचा आहे. तेलुगूत सात म्हणजे एडु. शब्द तिकडून आला असता, तर आपण ‘येडकोट’ म्हणालो असतो. (तेलुगू आकडेही आपण जपलेच आहेत. विटीदांडूतलं वकट, लेंड, मूंड आठवा.)

गडकोटवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही, कारण कानडीत किल्ल्याला कोटे म्हणतात. पण मैलारचे भक्त कोटे म्हणत नाहीत, कोटिच म्हणतात. शिवाय मल्हारीमाहात्म्यात मणि-मल्ल दैत्यांवर चालून येणाऱ्या मार्तंडभैरवाचं, म्हणजे खंडोबाचं, सैन्य सात कोटींचंच आहे. वेळवाल्यांना तर पुढच्या कोटाचं काय करायचं, हेच सांगता येत नाही.

याच वाटेनं मी आणखी एक पाऊल टाकतो. मल्लाचा अरी तो मल्हारी, ही व्युत्पत्ती पंडितांनी मागाहून बसवलेली आहे. आधी देवाचं मैलार हे नाव होतं, मग संस्कृत आलं. देवाचं नाव आणि आरोळी मेंढरांमागून चालणाऱ्या धनगर-कुरुबांनी भीमा-कृष्णेपलीकडून आणली, असं माझं ठाम मत आहे.

या देवघेवीत आपणही रिकाम्या हातांनी गेलो नाही. मैलारच्या आरोळीचा शेवट ‘चांगमलो’, ‘चांगभलो’ असा होतो. हे जोतिबाच्या डोंगरावरचं आपलं चांगभलं नाही, तर दुसरं काय? कानडीनं आपल्याला सात कोटी दिले आणि आपण कानडीला चांगभलं दिलं.

येत्या सोमवतीला पालखी कऱ्हेकडे निघेल, तेव्हा आरोळीतला पहिला शब्द नीट ऐका. तो कानडीतला सात आहे.