फेरिटिन तपासणी : हिमोग्लोबिन बरं, पण लोहाचा साठा किती?

बेळगुंदी असो की चंदगड, रक्त तपासलं की आधी हिमोग्लोबिनच बघतात. पण अंगातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. हा साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या निकषानुसार, निरोगी प्रौढांत फेरिटिन १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास लोहाची कमतरता समजतात. संसर्ग किंवा सूज असताना हा आकडा फुगतो. तेव्हा ही मर्यादा ७० धरतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या महिलांत रक्तक्षय कर्नाटकात ४७.८, महाराष्ट्रात ५४.२ टक्के आढळला. त्यात बोटातून रक्त घेऊन फक्त हिमोग्लोबिन मोजलं होतं. साठा रिकामा, पण हिमोग्लोबिन ठीक, अशा बायका या आकड्यांत नाहीतच. सततचा थकवा किंवा पाळीत जास्त रक्तस्राव असेल, तर फेरिटिनबद्दल डॉक्टरांना विचारावं.