कोपरारक्षक (कबड्डी)

कोपरारक्षक हा कबड्डी या खेळातील बचावफळीच्या दोन टोकांना उभा राहणारा खेळाडू होय. बचाव करणाऱ्या संघाच्या डाव्या हाताकडील टोकाला डावा कोपरारक्षक आणि उजव्या हाताकडील टोकाला उजवा कोपरारक्षक उभा असतो. बोलीभाषेत त्यांना नुसते 'डावा कोपरा' आणि 'उजवा कोपरा' असेही म्हणतात. प्रतिस्पर्धी चढाईपटूचा घोटा किंवा मांडी पकडून त्याला मध्यरेषेपर्यंत परतू न देणे हे त्यांचे मुख्य काम. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर किंवा कॉर्नरबॅक करतो त्या कामाशी याचे साम्य आहे. मात्र तेथे शिरस्त्राण व खांद्याचे संरक्षक कवच असते आणि पकडलेल्या खेळाडूचा गुडघा जमिनीला लागला की तो डाव थांबतो. कबड्डीत कोणतेही कवच नसते, आणि जमिनीवर पूर्ण आडवा पडलेला चढाईपटूही हाताचे एक बोट मध्यरेषेला लावून सुटू शकतो. त्यामुळे येथे पकड 'झाली' असे पंचांची शिट्टी वाजेपर्यंत म्हणता येत नाही.

मैदान आणि कोपऱ्याचे स्थान

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचे राखीव क्षेत्र असल्यामुळे झटापट सुरू होईपर्यंत खेळण्याजोगी रुंदी आठ मीटरच उरते. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढे एक मीटरवर असते. म्हणजे बोनस रेषेमागे अंतिम रेषेपर्यंत जेमतेम पावणेदोन मीटरची पट्टी राहते. कोपरारक्षकाचे बरेचसे आयुष्य या पट्टीत जाते.

मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूला बोनस गुण मिळू शकतो. त्यासाठी त्याला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून त्याच वेळी दुसरा पाय हवेत ठेवावा लागतो. हा क्षण कोपरारक्षकाच्या सोयीचा असतो, कारण चढाईपटूचा सारा भार तेव्हा एकाच पायावर आलेला असतो. त्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरून छातीशी ओढणे म्हणजे घोटापकड. ती साधली की शेजारचा खेळाडू आणि मध्यरक्षक धावून येतात व चढाईपटूला मागे दाबतात. शेजाऱ्याची साथ यायला अर्धा क्षणही उशीर झाला, तर चढाईपटू कोपरारक्षकाला फरफटत नेतो आणि त्याला स्पर्श केलेले सर्व बचावपटू बाद होतात. पकडीचे श्रेय गुणपत्रकात एकाच्या नावावर लागते. ती फसली की भुर्दंड मात्र तिघाचौघांना पडतो.

घोटापकडीखेरीज मांडीची पकड, कमरेची पकड आणि बाहेरच्या बाजूने दिलेला धक्का, म्हणजेच 'डॅश', ही कोपरारक्षकाची इतर हत्यारे आहेत. चढाईपटूचे तोंड दाबून दम तोडणे, केस वा कपडे ओढणे आणि पायांची कैची घालणे नियमबाह्य आहे. मैदानात तीन किंवा त्यापेक्षा कमी बचावपटू उरले असताना केलेल्या यशस्वी पकडीला अव्वल पकड म्हणतात व तिचा एक गुण अधिक मिळतो. लोण वाचवण्याची अखेरची संधी बहुधा हीच असते. म्हणून संघ संकटात असताना प्रशिक्षक शेवटपर्यंत एक तरी कोपरारक्षक आत राखण्याचा प्रयत्न करतात.

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास संघाच्या तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे बंधनकारक असते, अन्यथा चढाईपटू बाद होतो. या नियमामुळे कोपरारक्षकाच्या खेळात संयमाला महत्त्व आले. पहिल्या दोन चढायांत त्याने पुढे न झेपावणे शहाणपणाचे. तिसऱ्या चढाईत चढाईपटूलाच त्याच्याकडे यावे लागते. उतावळेपणाने घातलेली झेप हा तरुण कोपरारक्षकांचा सर्वांत सामान्य दोष आहे.

घडण आणि निवड

महाराष्ट्रात बहुतेक कोपरारक्षक गावातील किंवा वस्तीतील मंडळाच्या मातीच्या मैदानावर घडले आहेत. कुमार गटासाठी वयोमर्यादा २० वर्षे व मुलांसाठी वजनमर्यादा ७० किलो आहे. वरिष्ठ पुरुष गटात वजन ८५ किलोंपर्यंत चालते. सडपातळ मुलाला चढाईला पाठवायचे आणि बसक्या बांध्याच्या, मजबूत पंजाच्या मुलाला कोपऱ्यात उभे करायचे, ही मंडळांतील जुनी रीत. मातीवर शिकलेल्या खेळाडूला पुढे मॅटवर खेळताना पायांची ठेवण बदलावी लागते: मॅटवर बूट घालावे लागतात, चढाईपटूचा वेग वाढतो, आणि मातीत थोडे घसरत जाऊन पकड घालण्याची सवय तेथे उपयोगी पडत नाही.

मंडळातून जिल्हा संघ, तेथून राज्य संघ आणि राष्ट्रीय स्पर्धा, अशी निवडीची शिडी आहे. वसई-विरार पट्ट्यातील आगाशी, अर्नाळा, बोळींज ही गावे पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती. कल्याण, डोंबिवली, ठाणे आणि वसई यांसारख्या मोठ्या भागांतील खेळाडू तेव्हा एकाच जिल्हा संघातील जागांसाठी झगडत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पालघरचा स्वतंत्र संघ राज्य स्पर्धांत उतरू लागला. आगाशीतील एखाद्या कोपरारक्षकासाठी जिल्ह्याच्या सीमारेषेतील हा बदल प्रशासकीय कागदापुरता नव्हता. एका संघात कोपरे दोनच असतात. जिल्हा वेगळा होताच आणखी दोन जागा निर्माण झाल्या.

उपजीविका

प्रो कबड्डी लीग सुरू होण्यापूर्वी कबड्डीपटूची व्यावसायिक कारकीर्द म्हणजे खेळाच्या बळावर मिळालेली नोकरी होती. भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र, रेल्वे आणि महाराष्ट्र पोलीस यांचे संघ स्पर्धांच्या व्यावसायिक गटात खेळत. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतील प्रमाणपत्राला पदकापेक्षा अधिक किंमत आली. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे, खांदा निखळणे, बोटे मोडणे या कोपरारक्षकाच्या नेहमीच्या दुखापती. नोकरी लागण्याआधी अशी दुखापत झाली तर कारकीर्द आणि उपजीविका दोन्ही एकदमच संपण्याची भीती असे, आणि लीगच्या बाहेर राहिलेल्या बहुसंख्य खेळाडूंसाठी ती आजही आहे.

२६ जुलै २०१४ रोजी लीग सुरू झाली.  २०१८ च्या लिलावात इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याला यू मुंबाने १ कोटी रुपयांना विकत घेतले आणि बचावपटूच्या मोलाविषयीचे गणित बदलले. इराणच्याच मोहम्मदरझा शादलुई याच्यासाठी पुणेरी पलटणने दहाव्या हंगामाच्या लिलावात २.३५ कोटी रुपये मोजले. १ मार्च २०२४ रोजी पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून त्या हंगामाचे विजेतेपद मिळवले.

उल्लेखनीय कोपरारक्षक

सुरेंदर नाडा (डावा) आणि मोहित छिल्लर (उजवा) ही लीगच्या आरंभीच्या काळातील सर्वांत गाजलेली जोडी. २३ ऑगस्ट २०१५ रोजी यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून दुसऱ्या हंगामाचे विजेतेपद पटकावले, तेव्हा हे दोघे संघात होते.

महाराष्ट्रातील कोपरारक्षकांमध्ये कल्याणच्या गिरीश इर्नाकची कारकीर्द विशेष नोंद घेण्याजोगी आहे. डाव्या कोपऱ्यातील हा खेळाडू लीगमध्ये बंगाल वॉरियर्सकडून खेळल्यानंतर २०१७ पासून पुणेरी पलटणच्या बचावाचा आधार ठरला. नंतर तो गुजरात जायंट्सकडेही गेला. २०१८ हे वर्ष त्याच्यासाठी चढउतारांचे ठरले. जानेवारीत हैदराबादच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असे हरवले. दशकभराहून अधिक काळ राज्याला या विजेतेपदाने हुलकावणी दिली होती आणि गिरीश त्या संघात होता. त्यानंतर त्याची भारतीय संघात निवड झाली. जूनअखेर दुबईतील मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ४४-२६ असे सहज नमवले. दोनच महिन्यांनी, २३ ऑगस्ट रोजी, जाकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याच इराणने भारताला २७-१८ असे पराभूत केले. १९९० मध्ये कबड्डीचा समावेश झाल्यापासून भारतीय पुरुष संघाचे सुवर्णपदक प्रथमच हुकले. भारताला पूर्ण ४० मिनिटांत अवघे १८ गुण मिळाले, यावरून तो सामना इराणच्या बचावाने जिंकला हे उघड आहे. गिरीश आणि रिशांक हे भारताच्या त्या कांस्यपदक विजेत्या संघातील महाराष्ट्राचे खेळाडू होते.

महिलांचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असल्याने कोपरा आणि मध्य यांतील अंतर कमी होते व पकडीला साथ लवकर पोहोचते. हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, भारतीय महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ अशा एका गुणाने हरवून सुवर्णपदक जिंकले. पुण्याची बचावपटू स्नेहल शिंदे या संघात होती.

राखीव क्षेत्राचा वाद

त्याच दिवशी झालेल्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात गुणसंख्या २८-२८ असताना भारताचा पवन सहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही तेथे शिरले. स्पर्श होण्यापूर्वी राखीव क्षेत्र खेळाचा भाग नसते. अशा वेळी केवळ चढाईपटू बाद धरायचा, की त्याच्या पाठोपाठ गेलेले बचावपटूही, याविषयी जुना आणि नवा नियम वेगवेगळे सांगत होते. पंचांचे निर्णय वारंवार बदलले, खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि सामना जवळपास तासभर थांबला. अखेर पाठोपाठ गेलेल्या बचावपटूंनाही बाद ठरवण्यात आले व भारताने सामना ३३-२९ असा जिंकला. मैदानाच्या कडेला सर्वांत जवळ उभ्या असणाऱ्या कोपरारक्षकाला ही एक मीटरची पट्टी सतत ध्यानात ठेवावी लागते. लीगमध्ये एका नियमाने आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या नियमाने खेळताना त्याची सवय त्याच्याच अंगाशी येऊ शकते.