कोयनेच्या पोटातल्या भेगा

'भेगाळ भूगर्भीय खडकांतील साठे' असा कुणाच्या पीएच.डी.चा विषय ऐकला की आपण "अरे वा!" म्हणतो आणि लगेच विषय बदलतो. मी तरी बदलतो. पण मंडळी, महाराष्ट्रातला एक मोठा वैज्ञानिक वाद कित्येक वर्षं नेमक्या याच प्रश्नापाशी अडकून होता. त्यामागे जवळपास १८० माणसांचे जीव होते, म्हणून या वीकेंडला कोयना.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली. कोयनेची वीज गेली आणि मुंबईतले कारखाने थांबले. हादरा पुण्याला आणि पणजीलाही जाणवला. आमचं बांदा कोयनानगरपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरवर, म्हणजे तसं शेजारीच म्हणायचं.

धक्का जमिनीला बसला तसा पुस्तकांनाही बसला. दख्खनचं पठार म्हणजे देशातला सगळ्यात स्थिर भाग, इथे मोठा भूकंप होत नाही, असं तोवर शिकवलं जायचं. मग झालं काय?

धरणात पाणी साठायला १९६२ च्या सुमारास सुरुवात झाली आणि लवकरच आसपासच्या लोकांना छोटे हादरे जाणवू लागले. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पासून तिथे भूकंपमापक बसवले. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम क्रॅश व्हायच्या आधीपासून लॉगिंग चालू होतं! ते लॉग काय दाखवत होते? पावसाळ्यात पाणी चढलं की हादरे वाढायचे, पण लगेच नाही, थोडे दिवस मागे राहून. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता, हरी नारायण, रस्तोगी आदींनी १९६९ पासून हे नातं शोधनिबंधांतून मांडलं.

विरोधकांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. आणि साधं गणित करा. ८० मीटर खोल पाण्याचा दाब साधारण ८ वातावरणं. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशेच्या वर. म्हणजे तलावाची भर अर्धा-पाऊण टक्का! एवढ्याने पहाड हलतो?

इथे भेगा येतात. बांद्याला विहीर खणली की आधी जांभा लागतो. चिऱ्याला अंगभर छिद्रं, त्यामुळे पाणी सगळीकडून पाझरतं. काळ्या कातळाचं किंवा ग्रॅनाइटचं तसं नाही. दगड स्वतः जवळजवळ कोरडा, पाणी असलं तर फक्त भेगांत. म्हणून तर एका अंगणातली बोअर कोरडी जाते आणि वीस फुटांवरची धो धो वाहते, आणि श्रेय मिळतं नारळवाल्या पाणाड्याला. (असो!)

जमिनीखालच्या भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात, घर्षणाने अडकलेल्या. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की तो दोन्ही भिंतींना आतून लोटतो आणि पकड ढिली होते. लोक म्हणतात पाणी वंगणाचं काम करतं. तसं नाही. गरम पाण्याने धुतलेला पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवला की आपोआप सरकतो ना? आत कोंडलेली हवा तापून त्याला किंचित उचलते. तसंच काहीसं. भ्रंश आधीच सुटायच्या बेतात असेल तर ते अर्धा टक्का पुरतं. आणि तलावातलं पाणी स्वतः पाच किलोमीटर उतरावं लागत नाही, भेगांच्या जाळ्यातून त्याचा दाब पोचला तरी झालं. तोही सावकाश पोचतो, म्हणून हादरे मागे राहतात.

याचा नकळत केलेला प्रयोग अमेरिकेत झाला होता. डेन्व्हरजवळ लष्कराने १९६२ पासून रासायनिक सांडपाणी ३,६७१ मीटर खोल विहिरीतून भेगाळ खडकात सोडलं आणि जिथे भूकंप फारसे माहीत नव्हते तिथे ते सुरू झाले. १९६६ मध्ये पंप बंद केले. तरी तिथला सगळ्यात मोठा धक्का आला १९६७ मध्ये, कारण आत शिरलेला दाब अजून पसरतच होता. मला तर हा भाग जास्त भीतिदायक वाटतो.

कोयनेला मात्र प्रत्यक्ष खाली बघायला अनेक दशकं लागली. २०११ नंतर तिथे दीड किलोमीटरपर्यंतच्या बोअर मारल्या गेल्या. रासाटीला सुमारे ९३० मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मध्ये गाळाच्या खडकाचा थर नाही. मग डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात गोठण्याला तीन किलोमीटरची बोअर झाली. अशा बोअरच्या भिंतीची ध्वनिलहरींनी चित्रं काढतात. त्यात भेगा किती, कुठल्या दिशेच्या, हे दिसतं. भूकंपाच्या काही लहरी भेगाळ खडकातून जाताना दुभंगतात, भेगांच्या दिशेने कंप पावणारी पुढे पळते, आडवी मागे रेंगाळते. त्या दोघींमधल्या सेकंदाच्या अंशाएवढ्या फरकावर लोक पीएच.डी.ची वर्षं घालतात. आता कळतं का ते!

कारण प्रश्न संपलेला नाही. जगात इतर काही धरणांजवळ भूकंप झाले आणि काही वर्षांत बरेचसे शमले. कोयनेला आजवर ५ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वीसच्या वर होऊन गेले, तेही जेमतेम २० गुणिले ३० किलोमीटरच्या पट्ट्यात. दक्षिणेला वारणेचं धरण १९८५ पासून भरू लागलं आणि १९९३ नंतर हादऱ्यांचा जोर तिकडे सरकला. गोठण्याच्या बोअरवरचं काम कराडच्या प्रयोगशाळेतून चालतं. तीन किलोमीटरवर हात पोचला आहे, पण इथले बरेच भूकंप त्याच्याही खाली, पाच-सात किलोमीटरवर होतात. तिथवर अजून कुणी उतरलेलं नाही.